हृदयांतील मर्मर

गेल्या महिन्याच्या टपालांत चितेगांवाहून एका भगिनीचें चार पानी पत्र आलें. छत्रपती संभाजीनगराहून पैठणाकडे जाणाऱ्या रस्त्यावरील हें गांव एके काळीं शेतीवर जगणारें. आतां कारखान्यांमुळें त्याची वस्ती व वर्दळ दोन्ही वाढलीं आहेत. पत्रलेखिकेचें कुटुंब मात्र जुन्या वळणाचें, तीन पिढ्या एका चुलीवर जेवणारें आहे. त्यांच्या धाकट्या जाऊबाईंची मुलगी अकरा वर्षांची. शाळेंत आरोग्यतपासणीचें पथक आलें असतां डॉक्टरांनीं तिच्या छातीला नळी लावून एकदां ऐकलें, पुन्हां ऐकलें, आणि 'हृदयांत मर्मर आढळतो. मोठ्या रुग्णालयांत दाखवावें' अशी चिठ्ठी लिहून दिली.

त्या चिठ्ठीनें घरांत दोन पक्ष पडले. मामंजी म्हणाले, "जी पोर दिवसभर चिंचेवर चढते, तिला हृदयविकार कसला?" आणि त्यांनीं ती चिठ्ठी पंचांगांत ठेवून दिली. सासूबाईंचें म्हणणें निराळें. मुलीच्या नांवापुढें एकदां 'काळजाचें दुखणें' लागलें, कीं पुढें स्थळ पाहतांना दहा तोंडें दहा गोष्टी बोलतील. तेव्हां तूर्त गप्प बसावें, वयांत आली म्हणजे आपोआप जाईल. मुलीची आई कोणापुढें बोलत नाहीं व रात्रीं झोपत नाहीं. म्हणून मोठ्या जाऊबाईंनीं आम्हांस विचारलें आहे, कीं मर्मर म्हणजे नक्की काय, आणि त्यास भ्यावें कीं नाहीं? पत्राच्या अगदीं शेवटीं, समासांत, एक किरकोळ प्रश्नहि आहे: मुलीचे पाय बारमाही थंड असतात व खेळून आल्यावर पोटऱ्या दुखतात, तर कोणतें तेल चोळावें?

या पत्राचें उत्तर आम्हीं महिनाभर थांबून अंकांतून दिलें नाहीं. तें त्याच दिवशीं टपालानें रवाना केलें. तसें कां केलें तें पुढें येईलच. परंतु हा प्रश्न एका घरापुरता नसल्यामुळें, लेखिकेच्या अनुमतीनें व ओळख पटेल असा तपशील गाळून, तोच विषय आज वाचकांपुढें मांडीत आहों.

प्रथम शब्दाचाच विचार करूं. वाळलेल्या पानांची सळसळ होते तिला संस्कृतांत मर्मर म्हणतात, आणि हृदयांतून येणाऱ्या जादा आवाजास हेंच नांव आपल्याकडे रूढ झालें आहे. निरोगी हृदयास कान लावला असतां प्रत्येक ठोक्याला दोन आवाज ऐकूं येतात. ते हृदयाच्या झडपा मिटल्याचे. या दोहोंमधल्या अवकाशांत रक्त वाहत असतें खरें, पण तें निमूटपणें वाहतें. पाटाचें पाणी संथ जात असतां त्याचा आवाज होत नाहीं. तोच पाट कोठें दगडांनीं अरुंद झाला, किंवा बांधाला भोंक पडून पाणी जोरानें सुटलें, कीं खळखळ ऐकूं येते. हृदयांतहि असेंच घडतें. झडप अरुंद असली, ती नीट न मिटल्यानें रक्त मागें फिरलें, दोन कप्प्यांमधल्या पडद्यास भोंक राहिलें, अथवा एखादी मोठी रक्तवाहिनी मध्येंच चिंचोळी असली, कीं प्रवाह भोंवऱ्यांत सांपडतो व त्याची सळसळ छातीवर पोंचते. तेव्हां मर्मर हें रोगाचें नांव नव्हे. आंत प्रवाह कोठें तरी खळाळतो आहे, एवढीच ती वर्दी आहे. कोठें व कां, हें शोधावयाचें असतें.

ही वर्दी ऐकण्याचें साधन फ्रान्समधील लॅनेक नांवाच्या वैद्यानें १८१६ सालीं शोधिलें. एका तरुण स्त्रीच्या छातीला कान लावणें प्रशस्त वाटेना, म्हणून त्यानें कागदाची घट्ट सुरळी करून तिचें एक टोक तिच्या छातीवर व दुसरें आपल्या कानाशीं धरिलें. संकोचांतून जन्मलेल्या या नळीनें पुढील शंभर वर्षांत हृदयाचे किती तरी गुपित दोष उघडकीस आणिले.

आतां भ्यावें कीं नाहीं, या प्रश्नाकडे वळूं. सर्वांत आधीं सांगावयाचें तें धीराचें आहे. लहानपणीं केव्हां ना केव्हां निम्म्याहून अधिक मुलांत मर्मर ऐकूं येऊं शकतो, आणि त्यांपैकीं बहुतेकांचें हृदय पूर्णपणें निर्दोष असतें. मुलाची छाती पातळ, रक्ताचा वेग अधिक. ताप आला किंवा अंगांत रक्त कमी असलें कीं तो आणखी वाढतो. लंडनचे बालरोगतज्ज्ञ स्टिल यांनीं १९०९ सालीं आपल्या ग्रंथांत अशा निरुपद्रवी मर्मराचें वर्णन केलें. ताणलेली तार छेडावी तसा तो त्यांस वाटला. असें मूल खेळांतून काढणें, त्यास जिना चढूं न देणें व सदान्‌कदा 'तूं आजारी आहेस' असें त्याच्या कानीं घालणें, म्हणजे चोर सोडून संन्याशास सुळीं देणें होय. 'मर्मर निरुपद्रवी आहे' असें जाणत्या डॉक्टरांनीं तपासून सांगितलें, कीं त्या दिवसापासून घरानें तो विषय टाकून द्यावा.

परंतु हा निर्वाळा डॉक्टरांनीं द्यावयाचा, मामंजींनीं नव्हे. मूल चिंचेवर चढतें यावरून कांहींच सिद्ध होत नाहीं. हृदयाचे कित्येक जन्मजात दोष असे आहेत, कीं दहा-बारा वर्षें, क्वचित् तीस वर्षें, ते मुकाट्यानें नांदतात. आपल्यांत म्हण आहे, कीं दुखणें येतें हत्तीच्या पावलांनीं. हीं दुखणीं मात्र मुंगीच्या पावलांनीं येतात.

मर्मराच्या मोठेपणावरूनहि घरच्यांनीं अंदाज बांधूं नये. त्यांत हमखास फसगत होते. पॅरिसचे रॉजे यांनीं १८७९ सालीं असें दाखवून दिलें, कीं हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधील पडद्यास लहानसें भोंक असलें तर मर्मर मोठा कर्कश असतो, आणि मुलाला मात्र बहुधा कसलाच त्रास नसतो. फट लहान, म्हणूनच शिट्टी मोठी. अशीं लहान भोंकें पुष्कळदां वयाबरोबर आपोआप बुजतात व आवाजहि नाहींसा होतो. सासूबाईंनीं 'आपोआप जाईल' म्हटलें तें अशाच एखाद्या ऐकीव उदाहरणावरून असावें.

याच्या उलट प्रकार भयंकर आहे, आणि तो प्रत्येक गृहिणीस ठाऊक असावा असें आम्हांस वाटतें. भोंक मोठें असलें कीं रक्ताचा लोंढा फुप्फुसांकडे लोटतो. वर्षानुवर्षें हा मारा सोसून तेथील बारीक रक्तवाहिन्या जाड व निबर होतात; फुप्फुसांतील दाब चढत जातो, आणि एक दिवस भोंकाच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो. पाण्याची पातळी दोहींकडे सारखी झाली कीं बांधाच्या भोंकांतून पाणी वाहत नाहीं व खळखळहि थांबते. त्याप्रमाणें येथेंहि मर्मर मंदावतो किंवा नाहींसा होतो. घरांत आनंद होतो, कीं पोर बरी झाली. वस्तुतः भोंक बुजविण्याची वेळ त्याच सुमारास हातची निघून गेलेली असते. पुढें अशुद्ध रक्त उलट दिशेनें शुद्ध रक्तांत मिसळूं लागतें, ओठ व नखें निळसर होतात, आणि अशा स्त्रीला बाळंतपण प्राणावर बेतूं शकतें. ऑस्ट्रियांतील आयझेनमेंगर या डॉक्टरांनीं १८९७ सालीं या अवस्थेचें वर्णन केलें. एकच आवाज एका मुलांत बरें झाल्यानें थांबतो व दुसऱ्यांत हाताबाहेर गेल्यानें थांबतो. नुसत्या कानाला हा भेद नेहमीं कळत नाहीं. तेव्हां 'पूर्वीं आवाज होता, आतां नाहीं' एवढ्यावर ज्यांनीं समाधान मानिलें असेल, त्यांनीं मुलाची एकवार पुन्हां तपासणी करून घ्यावी.

मग जाणता डॉक्टर आवाजांत ऐकतो तरी काय? तो आवाजाची वेळ, जागा व रोख पाहतो. ठोक्याच्या कोणत्या भागांत आवाज येतो, छातीवर कोठें सर्वांत स्पष्ट आहे, तेथून तो कोणीकडे सरकतो, आणि रोग्यानें बसतांना, उभें राहतांना बदलतो काय, हें तो ध्यानांत घेतो. डाव्या गळपट्टीच्या हाडाखालीं यंत्राच्या घरघरीसारखा अखंड आवाज आला, तर गर्भावस्थेंत उघडी असणारी व जन्मानंतर बंद व्हावयाची एक वाहिनी उघडीच राहिली आहे, असा संशय येतो. बोस्टनच्या डॉ. ग्रॉस यांनीं २६ ऑगस्ट १९३८ रोजीं सात वर्षांच्या एका मुलीची अशी वाहिनी बांधून टाकिली, आणि जन्मजात हृदयदोषावर शस्त्रक्रिया यशस्वी होऊं शकते हें जगास दिसलें. तसाच अखंड आवाज एखाद्या धडधाकट तरुणांत, छातींत कळ येऊन व दम लागून अकस्मात् उत्पन्न झाला, तर महारोहिणीच्या मुळाशीं असलेला जन्मजात फुगवटा फुटून हृदयाच्या कप्प्यांत उघडला असण्याचा संभव असतो. हा विकार विरळा. पण आशियाई लोकांत पाश्चात्त्यांपेक्षां अधिक आढळतो. आणि उठून उभें राहतांच मोठा होणारा व उकिडवें बसतांच मंदावणारा मर्मर ऐकला, कीं हृदयाचा स्नायूच जाड होऊन रक्ताची वाट अडवीत असावा अशी शंका घ्यावी लागते. खेळाच्या मैदानावर तरुण मुलें एकाएकीं कोसळतात त्यामागें कधीं कधीं हाच विकार असतो.

बाल्टिमोरच्या डॉ. हेलन टॉसिग यांचें उदाहरण या बाबतींत मोठें बोलकें आहे. त्यांची श्रवणशक्ति ऐन उमेदींत क्षीण झाली. तेव्हां त्या मुलांच्या छातीवर बोटें टेकून मर्मराचें स्पंदन स्पर्शानें ओळखूं लागल्या. जन्मतः निळ्या पडणाऱ्या मुलांवरील सुप्रसिद्ध शस्त्रक्रियेची कल्पना त्यांचीच, डॉ. ब्लॅलॉक यांनीं व्हिव्हियन टॉमस यांच्या साह्यानें ती २९ नोव्हेंबर १९४४ रोजीं प्रथम करून दाखविली. मर्मर नीट वाचावयाचा तर कानाबरोबर हात, डोळे व माहितीहि पणाला लावावी लागते.

आतां समासांतल्या त्या प्रश्नाकडे येऊं. तो वाचतांच आम्हीं लेखणी उचलली. मोठ्या जाऊबाईंनीं तेल विचारलें. परंतु थंड पाय, खेळल्यावर दुखणाऱ्या पोटऱ्या आणि हृदयांतील मर्मर या तीन गोष्टी एका मुलींत एकत्र आल्या असतां त्या तीन मानूं नयेत. हृदयांतून निघून सर्व शरीरास रक्त पुरविणारी जी महारोहिणी, ती कांहीं मुलांत जन्मापासूनच एका ठिकाणीं गळा आवळल्यासारखी अरुंद असते. ही जागा बहुधा डोकें व हात यांच्या शाखा फुटल्यानंतरची. साहजिकच अडथळ्याच्या अलीकडे, म्हणजे डोकें व हात यांत, रक्ताचा दाब वाढतो. पलीकडे, म्हणजे कमरेखालीं, रक्त कमी पोंचतें. अशा मुलाचें डोकें वरचेवर दुखतें, क्वचित् घोणा फुटतो, पाय गार राहतात, धांवल्यावर पोटऱ्या भरून येतात. आणि तरीहि तें चिंचेवर चढतें! मर्मर पुढून अस्पष्ट असला तरी पाठीवर, दोन फऱ्यांच्या मध्यें, तो पुष्कळदां स्पष्ट ऐकूं येतो. शस्त्रक्रिया नव्हती त्या काळीं या दोषाच्या बहुतेक रोग्यांनीं पन्नाशी पाहिली नाहीं. वाढलेल्या दाबानें कोणाची मेंदूंतील रक्तवाहिनी फुटे, कोणाचें हृदय थके. स्टॉकहोमच्या क्राफोर्ड यांनीं ऑक्टोबर १९४४ मध्यें एका शाळकरी मुलाच्या महारोहिणीचा अरुंद तुकडा कापून दोन्ही टोकें जोडून दिलीं, तेव्हांपासून या दोषाचें भवितव्य पालटलें. आतां तर कित्येकांत जांघेंतून बारीक नळी घालून, फुग्यानें किंवा जाळीदार नळीनें ती जागा रुंद करितां येते. मात्र उपचार वेळेवर व्हावा लागतो. उशीर झाला तर अडथळा दूर होऊनहि रक्तदाब चढाच राहण्याचा संभव असतो.

चितेगांवच्या मुलीस हाच दोष आहे असें आम्ही म्हणत नाहीं. पत्रावरून निदान करणारा वैद्य वाचकांनीं दुरूनच वंदावा. आम्हीं एवढेंच लिहिलें, कीं तेल बाजूस ठेवा, चिठ्ठी पंचांगांतून काढा, आणि डॉक्टरांस तीन गोष्टी करावयास सांगा: रक्तदाब दंडावर व पायावरहि मोजावा, मनगटाची व जांघेची नाडी एकाच वेळीं पाहावी, आणि नळी पाठीवरहि लावावी. या तपासणीस पांच मिनिटें लागतात व खर्च नाहीं. पायांतला दाब हातापेक्षां कमी भरला तर पुढें इकोची तपासणी करावी. स्वीडनच्या एडलर व हर्ट्झ यांनीं १९५३ सालीं आरंभिलेल्या या तपासणींत सुई नाहीं, वेदना नाहींत; ध्वनिलहरींच्या योगें चालत्या हृदयाचें चित्र पडद्यावर दिसतें, आणि मर्मराचें उगमस्थान बहुधा तेथेंच सांपडतें.

येथें एकत्र कुटुंबाविषयीं दोन शब्द लिहिल्यावांचून राहवत नाहीं. डॉक्टरांस मूल दहा मिनिटें दिसतें; घराला तें अष्टौप्रहर दिसतें. तान्हें बाळ दूध पितांना मध्येंच थांबून धापा टाकतें, त्याच्या कपाळावर घाम डवरतो, वजन भरत नाहीं, हें आजीच्या मांडीवरच प्रथम कळतें. रडतांना ओठ निळे पडतात, किंवा धांवून आलेलें मूल मध्येंच उकिडवें बसून दम घेतें, हें अंगणांत बसलेल्या आजोबांनाच दिसतें. तें उकिडवें बसणें लाड किंवा आळस नसून निळ्या मुलांच्या हृदयानें शोधलेला उपाय असूं शकतो. घराण्यांत कोणी चुलता विशींत 'झोपेंतच गेला', कोणी आत्या तळ्यावर पोहतांना बुडाली असें सांगतात, त्यामागें काय असावें याचा धागाहि वडील माणसांच्या स्मरणांतच असतो. हृदयस्नायु जाड होण्याचा जो विकार वर सांगितला, तो बहुधा आनुवंशिक असून बाधित आई-बापांच्या प्रत्येक मुलास तो येण्याचा संभव निम्मा असतो. मर्मराचें अर्धें उत्तर नळींत असलें तर उरलेलें अर्धें अशा घरांत आहे. ज्या सासूबाईंच्या ठायीं ही माहिती, त्यांनींच ती झांकून ठेवावी हें योग्य नव्हे.

झांकली मूठ सव्वा लाखाची, ही म्हण व्यवहारांत खरी असेल. हृदयाच्या बाबतींत झांकलेल्या मुठींत मुलीचें आयुष्य असतें. स्थळाची चिंता आम्ही क्षुद्र मानीत नाहीं. लोक बोलतात, व त्याचे चटके मुलीच्या आईला बसतात. परंतु दोष वेळेवर दुरुस्त झालेली मुलगी शिकते, नोकरी करते, आणि वैद्यांच्या सल्ल्यानें बहुतेक वेळां आईहि होते. दोष लपवून लग्न लावलें, तर तो पहिल्या बाळंतपणांत उघडा पडतो, आणि तेव्हां दोन घरें एकाच वेळीं हळहळतात. सोयरिकींत सत्य सांगण्याचा प्रसंग यावयाचाच असेल, तर 'दोष होता, दुरुस्त झाला' हें सत्य 'दोष होता, लपविला' याहून केव्हांहि बरें.

खर्चाची धास्तीहि पुष्कळांस मागें खेंचते, म्हणून तेंहि सांगतों. शाळेंत आलेलें तें पथक राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचें होतें. हा कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्यें आपल्याच महाराष्ट्रांतील पालघर येथें सुरू झाला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठीं तो असून अंगणवाड्यांत वर्षांतून दोनदां व शासकीय आणि अनुदानित शाळांत एकदां तपासणी व्हावयाची असते. जन्मजात हृदयदोष हा त्यांतील एक मुख्य विषय आहे. पथकाची चिठ्ठी घेऊन गेलें असतां पुढील तपासण्या व शस्त्रक्रिया या कार्यक्रमांतून विनामूल्य होण्याची सोय आहे. चितेगांवकरांस संभाजीनगर दूर नाहीं. तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ सालचें, व त्याचें रुग्णालय 'घाटी' या नांवानें साऱ्या मराठवाड्यास परिचित आहे. म्हणून ज्या कोणाच्या घरीं अशी चिठ्ठी पंचांगांत, फडताळांत किंवा देव्हाऱ्यामागें पडून असेल, त्यांनीं ती आजच बाहेर काढावी.

हा मजकूर छापावयास देण्यापूर्वीं चितेगांवाहून दुसरें पत्र आलें. मामंजी स्वतः नातीला घेऊन डॉक्टरांकडे गेले. दंडावरचा रक्तदाब वयाच्या मानानें अधिक व पायावरचा त्याहून बराच कमी भरला. इकोसाठीं पुढच्या आठवड्याचा दिवस मिळाला आहे. तोंवर मुलीनें झाडावर चढावें कीं नाहीं, असें या खेपेस विचारलें आहे. आमचें उत्तर असें: शाळेंत जावें, चालावें, मैत्रिणींत बसावें, शर्यती, ओझीं उचलणें व झाडावर चढणें मात्र निदान होऊन डॉक्टरांनीं मोकळीक देईपर्यंत राहूं द्यावें. आणि तिला हें सर्व तिच्या वयास समजेल अशा शब्दांत सांगावें. घरांतील माणसें आपल्याविषयीं कुजबुजतात, हें अकरा वर्षांच्या मुलीला कळल्याशिवाय राहत नाहीं.